ऐकणाराच वाजवितो तेव्हा

चित्रप्रदर्शनात गेलेला प्रेक्षक अंग चोरून वावरतो. कशाला हात लावायचा नाही, मोठ्याने बोलायचे नाही, हा तेथील शिष्टाचार. कॅनडाचे कलावंत डेव्हिड रोकबी यांनी आपल्या ‘व्हेरी नर्व्हस सिस्टिम’ या कलाकृतीत हा शिष्टाचार पार उलटा करून टाकला. १९८६ साली ती व्हेनिसच्या बिएनाले प्रदर्शनात मांडली गेली. पाहण्यासारखे तिच्यात जवळजवळ काहीच नाही. एक रिकामी जागा, तिच्यावर रोखलेला कॅमेरा, आणि त्याला जोडलेले संगणक, सिंथेसायझर व ध्वनिक्षेपक. प्रेक्षकाने हात उचलला, मान वळविली, की कॅमेरा ती हालचाल टिपतो, संगणक तिची गती ताडतो आणि तत्क्षणी सूर उमटतात.

यावर कोणी म्हणेल, हे तर यंत्राचे खेळणे! ज्याने जन्मात रियाज केला नाही, त्याच्या हातवाऱ्यांना संगीत म्हणायचे काय? येथे प्रत्येक हालचालीला एकेक सूर कायमचा जखडलेला असता, तर हा आक्षेप खरा ठरला असता. ती हवेत वाजविण्याची पेटीच झाली असती. परंतु रोकबी यांनी सुरावट बांधून ठेवली नाही. हालचालीला प्रतिसाद कसा मिळावा, याचे नियम बांधले. रागाचे नियमही आधी असतात आणि ख्याल मागाहून उलगडतो. फरक एवढाच, आणि तो लहान नव्हे, की गवयाला आपले नियम ठाऊक असतात. येथे आलेल्या माणसाला ते अंगानेच चाचपावे लागतात.

या चाचपण्यातली एक गंमत रोकबी यांनी स्वतःच नोंदविली आहे. प्रेक्षक प्रथम हात हलवितो तो ‘काय होईल?’ या कुतूहलाने. सूर उमटतो. मग तो तीच हालचाल पुन्हा करतो. पण आता तो जणू हुकूम सोडीत असतो. त्यामुळे हाताची चाल बदलते, सूरही बदलतो, आणि यंत्र लहरी आहे असा निवाडा देऊन तो मोकळा होतो! वास्तविक बदललेला असतो तो स्वतः. यंत्राने ते ऐकले. त्याने मात्र ऐकले नाही.

या कलाकृतीचे मोठेपण मला येथे दिसते, आणि उणेपणही येथेच. मनातला भाव देहाच्या चालीत कसा उतरतो, हे ती आपल्या कानांवर घालते. मात्र ज्याला केवळ हुकूमच सोडायचा आहे, त्याला ती रिकाम्या हाताने परत पाठविते, आणि का पाठविले तेही सांगत नाही. गुरू शिष्याची चूक दाखवितो. ही कला ती केवळ वाजवून दाखविते.

आज बोटाच्या स्पर्शासरशी आज्ञा पाळणारी यंत्रे घरोघर आहेत. त्यांच्या सहवासात आपल्याला आज्ञाधारकपणाचीच गोडी लागली आहे. रोकबी यांचे यंत्र मात्र साथसंगत मागते. आणि साथीला बसायचे, तर आधी ऐकावे लागते.