दुकान, उधारी आणि घर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जळगावच्या दाणा बाजारातून किंवा धुळ्याच्या आग्रा रोडने एक चक्कर मारावी. गल्ल्यापुढे पाट मांडलेला, त्यावर नवी चोपडी, पहिल्या पानावर कुंकवाने काढलेले स्वस्तिक आणि 'शुभ' व 'लाभ' हे दोन शब्द. हिशेब आता संगणकावर गेले, तरी पूजा अजून वहीचीच होते. आम्ही लिहिणारी माणसे या वहीपूजेकडे थोड्या वरून पाहतो. सरस्वतीचा वारसा आपला आणि लक्ष्मीचा दुसऱ्या कोणाचा, अशी वाटणी मराठी साहित्याने कधीच करून टाकली आहे. ती वाटणी महागात पडली आहे, असे मला अलीकडे वाटू लागले. त्याला निमित्त झाला माझा एक जुना विद्यार्थी.

तो अमळनेरकडचा. बापाची सहा एकर जमीन, त्यातली दोन गहाण टाकून परदेशी निघालेला. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर ओळखीच्या कोणाच्या तरी दुकानात भागीदारी ठरली होती. निरोप घ्यायला आला आणि उठता उठता म्हणाला, "सर, तिकडे जाऊन दुकान टाकणाऱ्या माणसाबद्दल एखादे चांगले पुस्तक सांगा की. विमानात वाचीन." मी कपाटापुढे उभा राहिलो. वीस वर्षे मराठी शिकवतो, चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. पण हाताला पुस्तक लागेना.

परदेशाबद्दल मराठीत लिहिले गेले नाही असे नाही. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर १८८९ साली पुस्तक लिहिले, ते आजही वाचावे असे आहे. पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' १९६० मध्ये आली आणि तिच्यामुळे घरबसल्या विलायत पाहिलेल्यांची एक पिढीच तयार झाली. पण हे लेखन पाहुण्याचे आहे. पाहुणा परत येणार असतो. गावातला उधारीचा दर काय, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. दुसरीकडे उद्योजकांची आत्मचरित्रे आहेत. विठ्ठल कामतांचे 'इडली, ऑर्किड आणि मी' माझ्या शाळेतल्या मुलांनी फाटेपर्यंत वाचले आहे. या पुस्तकांचा उपयोग मी नाकारीत नाही. पण ती जो शिखरावर पोचला त्याने वरून खाली पाहत लिहिलेली असतात. अर्ध्या वाटेवर पाय घसरला तो आत्मचरित्र लिहीत नाही. त्याचे चरित्र दुसऱ्या कोणीतरी लिहावे लागते, आणि ते काम कादंबरीचे.

असे एक चरित्र जगाच्या दुसऱ्या टोकाला लिहिले गेले आहे. व्ही. एस. नायपॉल यांची 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' ही कादंबरी १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. माझे इंग्रजी शाळेपुरतेच. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ती दोन उन्हाळ्यांत वाचली. सावकाश वाचण्याचा एक फायदा असा, की पुस्तकातली गरिबी घाईने संपत नाही.

मागची हकीकत थोडक्यात सांगायला हवी. इंग्रजी वसाहतींतली गुलामगिरी १८३० च्या दशकात कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनात. मग हिंदुस्थानातून पाच वर्षांच्या कराराने माणसे नेण्यात आली. त्या करारालाच लोक 'गिरमिट' म्हणत. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज दोनशेहून अधिक माणसे घेऊन त्रिनिदादला लागले, आणि १९१७ पर्यंत त्या एका बेटावर सुमारे १,४३,००० माणसे गेली. त्यांतली बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. आपल्या कोकणातली माणसे याच पद्धतीने मॉरिशसला गेली; तिथे त्यांच्या वंशजांनी मराठी मंडळ्या अजून राखल्या आहेत. ही पद्धत मुळातूनच बंद करावी, असा ठराव गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात मांडला. तो तेव्हा फेटाळला गेला. पण पुढच्या पाच वर्षांत पद्धत मोडली. आमच्या पाठ्यपुस्तकातले गोखले अर्ज-विनंत्या करणारे म्हणून उरले आहेत. समुद्रापलीकडच्या ऊसतोड्यासाठी उभे राहिलेले गोखले मुलांना सांगायचे राहून जातात.

नायपॉल याच माणसांचा नातू. १९३२ मध्ये चगुआनास गावी जन्मलेला. त्याचे वडील सीपरसाद 'त्रिनिदाद गार्डियन' पत्रात बातमीदार होते, स्वतः गोष्टी लिहीत, आणि १९५३ मध्ये वारले. बिस्वास म्हणजे बहुतांशी तेच. २००१ साली नायपॉलला नोबेल पारितोषिक मिळाले, २०१८ मध्ये तो गेला. पण पुष्कळांच्या मते त्याचे सर्वांत मोठे पुस्तक हेच, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आत लिहिलेले.

कथा म्हटली तर साधी आहे. मोहन बिस्वास पाट्या रंगवणारा पोरगा. तुळशी घराण्याच्या दुकानात पाट्या रंगवायला जातो, तिथल्या शमा नावाच्या मुलीला चिठ्ठी देतो, चिठ्ठी सापडते, आणि विचार करायच्या आत त्याचे लग्न लागलेले असते. मग 'हनुमान हाउस' नावाच्या किल्ल्यासारख्या वाड्यात घरजावई. तिथून सुटण्यासाठी आयुष्यभर धडपड, आणि अखेर पोर्ट ऑफ स्पेन शहरात स्वतःचे एक घर. तेही कसले? खिडक्या लागत नाहीत, जिना मागच्या बाजूला कसाबसा चिकटवलेला, आणि डोक्यावर तीन हजार डॉलरांचे कर्ज. सेहेचाळिसाव्या वर्षी तो त्या घरात मरतो. हे सारे लेखक पहिल्याच प्रकरणात सांगून टाकतो. पुढे काय होणार हे कळल्यावरही साडेपाचशेच्या आसपास पाने वाचायला लावणे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

माझ्या विद्यार्थ्याच्या कामाचा भाग मात्र वेगळा: द चेस या खेड्यातले बिस्वासचे दुकान. तुळशी कुटुंब त्याला तिथे दुकान चालवायला धाडते. उसात राबणारी माणसे हे गिऱ्हाईक. सुरुवात होते दुकानाच्या पूजेने. सासरची सगळी पलटण येते, साडू पंडित होऊन मंत्र म्हणतो, आणि पाहुणचारात दुकानातला मालच उडू लागतो. बिस्वास संतापतो, शमाशी भांडतो. वाचकाला हसू येते. पण आपल्याकडच्या कोणत्याही नव्या दुकानदाराला विचारा. पहिल्या दिवशी 'आपलेच दुकान' म्हणून आलेल्या आप्तांनी किती नेले, ते तो तारखेसह सांगेल.

मग उधारी. द्यायची नाही असे ठरवूनही द्यावी लागते, कारण उसाच्या मजुराच्या हातात पैसा नेहमी नसतो आणि नाही म्हटले तर गिऱ्हाईक जाते. मुंग्रू नावाचा एक दांडगा लाठीबाज मोठी बाकी करून बसतो. कोणीतरी सल्ला देतो, वकील गाठ. बिस्वास गाठतो. त्याचा शेवट असा, की आपली पत घालवली म्हणून मुंग्रूच उलटतो आणि बिस्वासलाच पैसे मोजावे लागतात. सहा वर्षांनी दुकान बुडते. तेव्हा वाड्याचा कारभारी सेठ त्याला व्यवहारी तोडगा सुचवतो: विमा उतरव आणि पेटवून दे.

दुकान बुडाले ते उधारीने, असे वरवर दिसते. नायपॉलचे निदान त्याहून खोल आहे. बिस्वासला ते दुकान आपले खरे आयुष्य वाटतच नाही. खरे आयुष्य अजून सुरू व्हायचे आहे, दुसरीकडे कुठेतरी. इथे आपण तात्पुरते थांबलो आहोत, या समजुतीत सहा वर्षे जातात. परदेशी गेलेल्या माणसाचा हा मोठा रोग आहे. पाच वर्षे राहू, पैसा करू, परत येऊ. गिरमिटियाही हेच म्हणत होता. दहा वर्षांनी परतीची सोय मिळे, आणि तरी पुष्कळजण तिथेच राहिले. तात्पुरत्या माणसाचे दुकान तात्पुरतेच दिसते, आणि गिऱ्हाईक ते ओळखते.

दुसरी गोष्ट भांडवलाची. तुळशींचे दुकान चालते आणि बिस्वासचे चालत नाही, याचे कारण हुशारी नव्हे. तुळशींकडे मुली आहेत, जावई आहेत, विधवा आहेत. त्यांच्या श्रमाला पगार नाही, फक्त जेवण आणि छप्पर. एकत्र कुटुंब हेच तिथले भांडवल, आणि त्याचे व्याज म्हणजे माणसाची मान. खानदेशाला हे परके नाही. कापसाच्या तेजीत मारवाडातून एक लोटा घेऊन आलेल्या माणसांनी इथे पेढ्या उभारल्या, त्या अशाच नात्यांच्या आधारावर. आम्ही त्यांच्या लोट्याची गोष्ट कौतुकाने सांगतो. पेढीच्या मागच्या खोलीत रात्री झोपणाऱ्या दूरच्या पुतण्याची गोष्ट कोणी लिहिली नाही. नायपॉलने त्या पुतण्याचीच गोष्ट लिहिली आहे.

इतके मानल्यावर माझी तक्रारही नोंदवली पाहिजे. या कादंबरीत शमावर अन्याय झाला आहे. तुळशींच्या दुकानात वाढलेल्या शमाला दुकानदारी नवऱ्यापेक्षा अधिक कळते. पुढे शहरात भाड्याचे हिशेब तीच ठेवते. पण लेखकाचा दिवा सतत बिस्वासवर. शमा बहुधा आपल्याला त्याच्या चिडीतून दिसते. वडिलांवर प्रेम करणाऱ्या मुलाने लिहिलेले हे पुस्तक आहे. आईचा हिशेब त्यात बाकी राहिला.

ती बाकी आमच्या एका मराठी कादंबरीने आधीच फेडली होती, याचा मला अभिमान वाटतो. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची, म्हणजे बिस्वासच्या आदल्या वर्षाची. वऱ्हाडातले एक शिंपी कुटुंब. नवरा महादेव असून नसल्यासारखा, आणि संसाराचा गाडा ओढणारी कौतिक. शेळक्यांनी दिवा तिच्या हाती दिला. शिवणाच्या कमाईत घर भागत नाही म्हणजे काय, हे ती कादंबरी आकड्यांनी नव्हे तर चुलीवरून सांगते. दोघांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याचे कारण नव्हते. पण ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की एक पुरा संसार होतो.

दुसरी तक्रार नायपॉलच्या हसण्याबद्दल. त्याचे हसू धारदार आहे, आणि कधीकधी ते ज्यांच्यावर चालते त्यांना उलट उत्तर द्यायला जागा ठेवीत नाही. त्रिनिदाद हे आफ्रिकी वंशाच्या लोकांचेही घर. या कादंबरीत मात्र ते जवळजवळ दाराबाहेरच उभे आहेत. परदेशी दुकान टाकणाऱ्याने हे उणेपण आवर्जून ध्यानात घ्यावे. आपल्या लोकांच्या वाड्यात राहून शेजाऱ्याचे नावही न शिकणारा दुकानदार बिस्वासहून शहाणा असला, तरी वाड्याबाहेर पडलेला नसतो.

आणि आम्ही? भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची. तिच्यातला पांडुरंग सांगवीकर आमच्या खानदेशातला, पुण्याला जातो आणि पदवीवाचून गावी परततो. त्या पुस्तकाने आम्हा दोन-तीन पिढ्यांना हरून परत येण्याची भाषा दिली. ते ऋण मोठे आहे. पण जो हरूनही परत येऊ शकत नाही, ज्याची दोन एकर गहाण पडली आहे, त्याची भाषा अजून आमच्यापाशी नाही. आज जळगाव-धुळ्यातून मुले दुबईला जातात, आफ्रिकेत जातात, आणखी कुठे कुठे जातात. त्यांच्या यशाच्या बातम्या छापून येतात. त्यांच्या उधारीची कादंबरी व्हायची आहे. हे मी इतरांना बोल लावून म्हणत नाही. माझ्या चारही कादंबऱ्यांचे नायक शिक्षक किंवा कारकून आहेत. दर शनिवारी ज्या दुकानातून मी किराणा आणतो, त्या दुकानदाराच्या मनात काय चालते, हे मी कधी लिहिले नाही.

त्या मुलाला मी शेवटी दोन्ही पुस्तके दिली. इंग्रजी पाहून तो जरा कचरला. "सर, हा माणूस शेवटी जिंकतो की हरतो?" मी म्हणालो, "घर होते, कर्ज फिटत नाही. तू वाच आणि मला लिही."

परवा त्याचा निरोप आला. बिस्वास अजून निम्माच झाला आहे, 'धग' मात्र दोनदा वाचून झाली. दुकान बरे चालले आहे, गहाण अजून सुटलेले नाही. शेजारच्या आफ्रिकी न्हाव्याशी दोस्ती जमली आहे. आणि शेवटी एक ओळ होती: गल्ला आणि वही आता बायको पाहते, यंदा लक्ष्मीपूजनाला चोपडीवर 'शुभ' तिने लिहायचे ठरले आहे.