तोडफोडची गुजराती आणि आपली मराठी

२०२५ च्या जुलैत मीरा रोडला भाषेवरून जे झाले ते सगळ्या महाराष्ट्राने मोबाईलवर पाहिले. दुकानातली थप्पड, व्यापाऱ्यांचा मोर्चा, त्याला उत्तर म्हणून ८ तारखेचा मराठी मोर्चा. त्यावर बोलणारे पुष्कळ होते, आहेत. माझी तक्रार त्या रील्सखाली वाजणाऱ्या संगीताबद्दल आहे. ढोल-ताशाचा एक तयार लूप, घसा ताणून आणलेला राग, आणि दर चौथ्या ओळीला ‘मराठी’ हा शब्द. याला लोक ‘मराठी रॅप’ म्हणतात. लूप काढून घेतला तर रिक्षावर भोंगा बांधून फिरणारी प्रचाराची घोषणा तेवढी उरते. आमच्या सोसायटीतल्या मुलांनी मला ते कौतुकाने ऐकवले. मी विचारले, स्वदेशी ऐकलेत का? मुलांना वाटले मी खादीच्या दुकानाबद्दल बोलतोय.

तेव्हा लिहिणे भाग पडले.

स्वदेशी हा मुंबईचा हिप-हॉप गट, २०१३ च्या सुमाराचा. एमसी मवाली, एमसी तोडफोड, बीट रचणारा बॅमबॉय, राक्षस साउंड, आणि अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, जो नाव ‘१००आरबीएच’ असे लिहितो (शंभरला ‘सौ’ वाचा म्हणजे कोडे सुटते). ‘गली बॉय’ १४ फेब्रुवारी २०१९ ला आला आणि त्यानंतर गल्ली हा शब्द जाहिरातवाल्यांनी वापरून वापरून चोथा केला. त्या सिनेमातल्या ‘इंडिया ९१’मध्ये तोडफोड आणि १००आरबीएच आहेत. थेटरात ते गाणे वाजले तेव्हा लोकांना रणवीर सिंग दिसत होता. ते साहजिक आहे. पण कान शाबूत असलेल्या माणसाला तिथे दुसरेच काहीतरी ऐकू यायला हवे होते.

ते म्हणजे मृदंग. विवेक राजगोपालन हे मृदंगवादक. त्यांनी ‘ता धोम’ या प्रकल्पात या पोरांना सोल्लुकट्टू शिकवले, म्हणजे मृदंगाचे बोल तोंडाने म्हणायची दाक्षिणात्य रीत. तकधिमि म्हटले की चार मात्रा, तकतकिट म्हटले की पाच. चारच्या बीटवर पाचाचा तुकडा टाकला की तो दर फेरीला एक पाऊल पुढे सरकतो आणि बरोबर हिशेबाने समेवर परत येतो. अमेरिकेतले रॅपर ही सरक अंदाजाने, कानाने साधतात. या पोरांना त्याचे गणित मिळाले. ‘फ्यूजन’ म्हणजे तबल्याशेजारी गिटार ठेवून दोघांनी एकमेकांकडे पाहून हसणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ऐकावे. इथे एक विद्या दुसरीच्या पोटात शिरली आहे.

आणि मराठीला या गणिताची गरज सगळ्यात जास्त आहे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी बसते. त्यामुळे आळशी रॅपरचे यमक अर्थावर पडतच नाही, ते काळाच्या प्रत्ययावर पडते: करतो, मरतो, धरतो, सरतो. सोळा ओळी अशा निघतात आणि कवीला वाटते आपण भाषा वाकवली. प्रत्यक्षात व्याकरणानेच त्याला फुकट यमक दिलेले असते. शाहिरांना हे ठाऊक होते. पोवाड्यात क्रियापद मधे फेकले जाते, नाम शेवटी येऊन आदळते, आणि ‘जी जी रं जी’चा धक्का मोकळी जागा भरतो. सौरभच्या मराठीत वऱ्हाडी हेल आहे. त्या हेलात शब्द तोकडे होतात, शेवटचे अक्षर गिळले जाते, आणि ओळ आपोआप बीटच्या मागे राहून मग झेपावते. २०२३ मध्ये तो टीव्हीवरच्या ‘हसल’ स्पर्धेत दिसला तेव्हा परीक्षक भारावले होते ते आशयाने. मला त्याच्या श्वासाच्या जागा मोजाव्याशा वाटल्या.

बाकीच्यांचे काय, असे कोणी विचारेल. श्रेयश जाधव यांचा पुणेरी रॅप हा पुण्याबद्दलचा विनोद आहे आणि विनोद म्हणून ठीक आहे. ‘तांबडी चामडी’वर २०२४ मध्ये सगळे नाचले, मीही, ते हाउस संगीत आहे, त्याला मराठी अस्मितेचा विजय म्हणू नका. एमसी स्टॅनवर लिहायला बिग बॉसचे प्रेक्षक समर्थ आहेत. राज मुंगासे आणि उमेश खाडे यांच्यावर एप्रिल २०२३ मध्ये गाण्यापायी गुन्हे दाखल झाले. त्यांची समीक्षा सरकारने केली आणि ती कोणत्याही समीक्षकापेक्षा मनापासून होती.

स्वदेशीचेही सगळे सारखे उतरलेले नाही. २०२० च्या ‘चेतावनी’त कधी कधी घोषणा ओळीच्या पुढे धावते, आणि सहमत असलेल्यालाच पुन्हा सहमत करण्याचा थकवा जाणवतो. पण ‘द वारली रिव्होल्ट’ घ्या.

२०१९ सालचे हे गाणे. विषय आरे, मेट्रोची कारशेड, आणि तिथल्या पाड्यांवरचे आदिवासी. सोबत गायला आहेत प्रकाश भोईर, आरेतल्या केलटीपाड्याचे. शहरातला कलावंत आदिवासीला गाण्यात घेतो तेव्हा बहुधा काय होते ते आपण पाहिले आहे: सुरुवातीला दहा सेकंद एक हाक, मागे पाखरांचा आवाज, मग खऱ्या गाण्याला सुरुवात. इथे भोईरांचा आवाज पाहुण्याचा नाही, घरमालकाचा आहे. त्यांच्या चालीला बीट शरण जाते. बास खाली जमिनीसारखा पडून राहतो, वर बडबडत नाही. रॅपर येतात ते त्या आवाजाची बाजू मांडायला, त्याचा अर्थ समजावून सांगायला नव्हे. हा फरक बारीक वाटेल, पण मराठीतले अर्धे विद्रोही साहित्य या फरकावर घसरून पडले आहे. गाणे आले त्यानंतर काही महिन्यांनी, ४ ऑक्टोबरच्या रात्री, आरेत करवती चालल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबा म्हणेपर्यंत दोन हजारांवर झाडे पडली होती. गाण्याने झाडे वाचत नाहीत, हे खरे. तो गाण्याचा दोष असेल तर संयुक्त महाराष्ट्रासाठी गायलेल्या अण्णा भाऊ साठ्यांच्या लावणीचाही आहे, कारण बेळगाव अजून कर्नाटकातच आहे.

आता आमच्या मीरा-भाईंदरकडे या, इथेही कारशेडच आहे. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्वा गावांत होणार होती. गावकऱ्यांनी विरोध केला, म्हणून ती डोंगरीच्या टेकडीवर सरकली, आणि २०२५ मध्ये तिथल्या १२,४०० झाडांचा प्रश्न उभा राहिला. आरेच्या कितीतरी पट. डोंगरी, उत्तन, चौक इथली बोली मराठीच आहे, आगरी-कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची, गोड आणि तिखट. जुलैत मराठीसाठी रस्त्यावर उतरलेल्या एकाही रॅपरला ती मराठी ऐकू आली नाही. भाषेसाठी घसा फोडायचा आणि ती भाषा ज्या टेकडीखाली बोलली जाते तिच्याबद्दल एक ओळ लिहायची नाही, हे कसले प्रेम? हिप-हॉपच्या नावाने आमच्या भागाने जगाला एकच गोष्ट दिली, ती नाच. भाईंदर-नायगावच्या वस्त्यांतला ‘व्ही अनबीटेबल’ फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेतली ‘चॅम्पियन्स’ स्पर्धा जिंकून आला. हवेत माणसे फेकणारी ती पोरे कुठली भाषा बोलतात हे तेव्हा कोणी विचारले नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हा लेख सुरू झाला तो मुद्दा. एमसी तोडफोड म्हणजे धर्मेश परमार. तो गुजरातीत रॅप करायचा. मराठीतले सगळ्यात धारदार गाणे ज्या गटातून आले, त्या गटात गुजराती ही कडवी, गरीब, चाळीतली भाषा म्हणून उभी होती. शेअर बाजाराची नव्हे, फ्लॅटच्या जाहिरातीतली नव्हे. मीरा रोडला दोन्ही बाजूंनी जी गुजराती आणि जी मराठी रंगवली जाते, त्या दोन्ही त्याच्या एका कडव्यात खोट्या पडतात. मार्च २०२२ मध्ये आझादी रेकॉर्ड्सने त्याचा एकल अल्बम ‘ट्रूथ अँड बास’ काढला. त्याच महिन्यात, २० तारखेला, तो गेला. वय २४. त्याचा शेवटचा कार्यक्रम ‘स्वदेशी मेळा’ होता, आपल्याच पोरांच्या मधोमध.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिप-हॉप गटाचा फाइफ डॉगही मार्चमध्येच गेला, २०१६ साली. त्याचा आवाज असलेला अल्बम त्या नोव्हेंबरात आला, ट्रम्प निवडून आल्यावर तीन दिवसांनी, आणि गटाने तिथेच पूर्णविराम दिला. स्वदेशी थांबली नाही. यामुळे ती थोर ठरते असे मी म्हणत नाही. गेलेल्या माणसाची भाषा गटात दुसरे कोणी त्या हक्काने बोलू शकत नाही, आणि ती पोकळी नंतरच्या कामात मला ऐकू येते. पण मराठी रॅपवर लिहिणाऱ्यांपैकी कुणी ती ऐकली? ते अजून ‘पहिला मराठी रॅपर कोण’ या वादात आहेत. पहिला कोण याने काय फरक पडतो! पहिली मराठी कादंबरी कोणती हे ठरवून एखादी तरी चांगली कादंबरी जन्माला आली का?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला. आता दर २७ फेब्रुवारीला कार्यक्रम होतील, आमच्याकडे लता मंगेशकर नाट्यगृहातही होतील, आणि आयोजक तरुणांना ओढायला एक रॅपर बोलावतील. माझी त्यांना एक सूचना आहे. ढोलाचा लूप घरी ठेवा. आधी ‘द वारली रिव्होल्ट’ लावा, पूर्ण, मधे निवेदन न करता. मग त्याच स्पीकरवर तोडफोडचे गुजराती कडवे लावा, आणि पहिल्या रांगेतले पाहुणे काय करतात ते दिवे चालू ठेवून बघा.