सुगरण कोण? आपल्या परिसराच्या निसर्गग्रंथांविषयी

सुगरण पक्ष्याचे नाव स्त्रीलिंगी आहे; घरटे मात्र नर विणतो. निसर्गविषयक पुस्तकांचा विचार करू लागलो की आम्हांला प्रथम ही विसंगती आठवते. बहिणाबाई चौधरींनी या पाखराच्या खोप्यावर जी कविता रचली ती मराठी माणसाच्या तीन पिढ्यांना मुखोद्गत आहे, आणि त्या कवितेत खोपा बांधणारी अर्थातच आई आहे. डॉ. सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणींच्या वसाहतीचे दिवसेंदिवस निरीक्षण केले, तेव्हा त्यांना वेगळेच दृश्य दिसले. पिवळाधमक झालेला नर गवताचे आणि पात्यांचे धागे ओढून आणतो, अर्धे घरटे विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, पाहणी करतात. एखादीने पसंत केले तर तो उरलेले विणकाम पुरे करतो. नापसंत केले तर दुसऱ्या घरट्याच्या तयारीला लागतो. पसंतीनंतरही त्याला स्वस्थता नसते. पहिली मादी अंडी उबवीत असताना हे गृहस्थ दुसरे घरटे विणून दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतात! अंडी उबवण्याचे काम मात्र एकट्या मादीचे.

आता प्रश्न असा की बहिणाबाई चुकल्या काय? त्यांनी पाखराच्या निमित्ताने कष्टाळू आईचे मन पाहिले, आणि ते खरेच आहे. परंतु ज्या मुलाला फक्त कविता ठाऊक आहे, त्याला विहिरीवर वाकलेल्या शिंदीला लोंबणारे अर्धवट घरटे दिसले तर ते वाऱ्याने मोडले असावे असेच वाटेल. ते कोणीतरी नाकारलेले घरटे आहे, ही गोष्ट त्याला कोण सांगणार? उलट, ज्याला केवळ इंग्रजी पुस्तकातला 'बाया' ठाऊक आहे, त्याला आपल्या आजीच्या तोंडचे नाव आणि त्या नावातले कौतुक कधी कळणारच नाही. परिसराची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाने या दोन्ही मुलांची गाठ घालून दिली पाहिजे. आमचे सारे परीक्षण याच अपेक्षेतून आहे.

धर्मग्रामातील पालक सुटी लागण्याच्या सुमारास आमच्याकडे मुलांसाठी पुस्तके सुचवा म्हणून येतात, तेव्हा आम्ही सलीम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' प्रथम हातात देतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेने हा ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध केला आणि पुढे त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. त्याचे यश केवळ रंगीत चित्रांत नाही. पक्ष्याचा आकार इंचांत सांगून वाचकाला काही बोध होत नाही हे लेखकाने ओळखले. म्हणून तो सांगतो, हा पक्षी चिमणीहून लहान, हा बुलबुलाएवढा, हा साळुंकीपेक्षा मोठा, हा कावळ्याइतका. चार परिचित पाखरांच्या मापाने चारशे अपरिचित पाखरे मोजायची! ज्याच्या अंगणात चिमणी, साळुंकी आणि कावळा आहेत त्याला हे पुस्तक उघडण्याची पात्रता आपोआपच प्राप्त होते. अध्यापनाचा इतका साधा आणि इतका उदार मार्ग आम्ही फार थोड्या पाठ्यपुस्तकांत पाहिला आहे. (आमच्या सेमिनरीतील तत्त्वज्ञानाची पुस्तके लिहिणाऱ्यांना तो सापडला असता तर आमचे पुष्कळ कष्ट वाचले असते.)

या ग्रंथाची उणीवही त्याच्या विस्तारातच आहे. तो साऱ्या देशासाठी आहे, त्यामुळे कोणत्याच एका गावाचा नाही. आपल्या खाडीवर कोणता पक्षी केव्हा येतो, भातकापणीनंतर रिकाम्या खाचरात कोण उतरते, हे शोधायला वाचकाला पुष्कळ पाने चाळावी लागतात.

सलीम अलींच्या घडणीत आपल्या संस्थांचा वाटा आहे, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या, गळ्यावर पिवळा ठिपका असलेल्या एका चिमणीची ओळख पटवून घेण्यासाठी हा मुलगा सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्याकडे गेला, आणि त्यांनी त्याला पक्षिसंग्रहाची कपाटे उघडून दाखवली. पुढे व्यापारशिक्षण घेत असलेल्या या तरुणाला प्राणिशास्त्राकडे वळवले ते सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी. हेच मिलर्ड आणि हेच ब्लॅटर 'सम ब्युटिफुल इंडियन ट्रीज' या देखण्या ग्रंथाचे सहलेखक होत. तो १९३७ साली पुस्तकरूपाने निघाला तेव्हा ब्लॅटर यांचे निधन होऊन तीन वर्षे लोटली होती. त्यांनी १९०६ साली सुरू केलेला वनस्पतिसंग्रह आजही त्यांच्या नावाने झेवियर्समध्ये आहे. त्यांचे काम पुढे नेणारे स्पॅनिश येशूसंघीय फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १९५३ साली आला. तो अभ्यासकांसाठी आहे. सामान्य वाचकांसाठी त्यांनी लिहिलेले 'कॉमन ट्रीज' नॅशनल बुक ट्रस्टने १९६६ साली काढले. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञाने रस्त्याकडेच्या झाडांवर एवढे सोपे लिहावे, यात आम्हांला एक प्रकारची नम्रता दिसते.

या दोन फादरांविषयी आम्हांला आदर आहे. तरीही समीक्षकाच्या भूमिकेतून एक गोष्ट म्हणावीच लागेल. त्यांनी सह्याद्रीची पाने गोळा केली, दाबली, वाळवली, त्यांना लॅटिन नावे दिली आणि इंग्रजीत लिहिले. विज्ञानाची भाषा ती होती, हे मान्य. पण त्यांच्या मागून आलेले आपण, मराठीत प्रार्थना करणारे, मराठीत मिस्सा गाणारे आणि मराठीत हे त्रैमासिक चालवणारे, त्यांतले किती ज्ञान आपल्या भाषेत आणू शकलो? फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून आले आणि 'क्रिस्तपुराणा'त मराठीची थोरवी गाताना मोगरा आणि मोर यांचे दाखले देऊन गेले. येथल्या फुलापाखरांची नावे परदेशी फादरांच्या ओठी चारशे वर्षांपूर्वी रुळली होती. आपल्या वनस्पतिशास्त्राला मात्र ती भाषा लाभली नाही.

ही पोकळी ज्यांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला त्यांत मारुती चितमपल्ली यांचे नाव अग्रभागी. १८ जून २०२५ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. वनखात्याच्या नोकरीत नवेगाव, नागझिरा, मेळघाट येथे आयुष्य घालवलेल्या या माणसाने 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा' अशी पुस्तके लिहिली. त्यांचा 'पक्षिकोश' हा तर मराठीचा ठेवाच आहे. संस्कृत ग्रंथांपासून वनवासींच्या बोलीपर्यंत पाखरांची नावे धुंडाळण्याचे व्रत त्यांनी घेतले. जिथे शब्द नव्हता तिथे तो रुजवला. कावळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार', पाखरांच्या रात्रीच्या मुक्कामाला 'रातथारा'. आमच्या मते या तिघांत 'रातथारा' सर्वांत सरस. पहिले दोन शब्द कोशात शोभतात. तिसरा चुलीपाशी बसूनही उच्चारता येतो.

चितमपल्लींच्या लेखनाला आमचा एक आक्षेप आहे आणि तो त्यांच्याविषयीच्या प्रेमामुळेच नोंदवावासा वाटतो. दंतकथा आणि निरीक्षण यांची सरमिसळ त्यांच्याकडे होते. वृद्ध वनवासीने सांगितलेली कथा कोठे संपली आणि लेखकाने डोळ्यांनी पाहिलेले कोठे सुरू झाले, हे पुष्कळ ठिकाणी कळत नाही. प्रौढ वाचकाला त्यात गोडीच वाटेल. शाळकरी मुलाच्या हाती देताना मात्र पालकांनी शेजारी बसावे आणि 'हे कोणी पाहिले, हे कोणी ऐकले' असे विचारीत जावे. सुगरणीच्या बाबतीत जो घोटाळा एका शब्दाने होतो तो येथे पानोपानी होऊ शकतो.

व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' या दोषापासून बव्हंशी मुक्त आहे. माडगूळकर रानात पाहुणे म्हणून गेले आणि पाहुण्यासारखेच वागले. जे दिसले ते लिहिले, दिसले नाही तेथे कल्पनेने वाघ उभा केला नाही. त्यांच्यातल्या चित्रकाराची नजर वाक्यावाक्यांत जाणवते. त्यांच्या 'सत्तांतर'ला १९८३ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. वानरांच्या टोळीत नवा हुप्प्या आला की तो आधीच्या नराची पिले मारतो, हे शास्त्रज्ञांनी नोंदलेले कठोर सत्य त्यांनी कथेत आणले आणि त्यावर सहानुभूतीचे पांघरूण घातले नाही. आमच्या काही वाचकांना हे पुस्तक निर्दय वाटले. आम्हांला ते प्रामाणिक वाटते. सृष्टी जशी निर्माण झाली तशी तिच्याकडे पाहण्याचे धैर्य श्रद्धावंतालाही हवे.

एवढे सगळे वाचून झाल्यावर लक्षात येते की आपला मराठी निसर्ग बहुधा विदर्भात वसतो. वाघ, सांबर, मोह, पळस. किनाऱ्यावरच्या वाडीत वाढणारे मूल हे वाचते आणि निसर्ग म्हणजे आगगाडीने जाण्याचे ठिकाण, अशी त्याची समजूत होते. त्याच्या घरामागच्या खाडीत तिवर उभे आहेत. त्यांची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून वर येतात. पानांवाटे ते मीठ बाहेर टाकतात. त्यांच्या पायाशी चिखलावर निवटे उड्या मारतात. मासा असून पाण्याबाहेर फिरणारा हा प्राणी कोणत्याही वाघापेक्षा कमी नवलाचा नाही. याच तिवरांवर ब्लॅटर यांनी १९०५ साली सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला होता. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २००५ साली, मुंबई उच्च न्यायालयाला तिवरांची तोड थांबवण्याचा अंतरिम आदेश द्यावा लागला, आणि २०१८ साली अंतिम निकाल. मधल्या शंभर वर्षांत आपण तिवराला सरपण, चारा आणि भरावाखालची जागा समजत आलो. ज्याच्याविषयी आपल्या भाषेत घरोघरी वाचले जाणारे एक पुस्तक नाही, त्याच्यासाठी लढायला न्यायालयाबाहेर कोण उभे राहणार? खाडीचे, तिवराचे, वाडीतल्या विहिरीचे, मासळीच्या टोपलीचे असे एक पुस्तक आमच्या धर्मग्रामाच्या ग्रंथालयात आम्हांला हवे आहे आणि ते कपाटात नाही. ते लिहायला वनखात्यातला अधिकारी लागेल असे नाही. जाळे टाकणारा एक कोळी, वाडी शिंपणारी एक आजी आणि प्राणिशास्त्र शिकलेले त्यांचे एक नातवंड एवढे पुरेत.

नावांचा प्रश्न तर अधिकच निकडीचा. उत्पत्तीच्या पुस्तकात पशुपक्ष्यांना नावे देण्याचे काम परमेश्वराने माणसावर सोपवले आहे. ते काम प्रत्येक गावाने आपापल्या बोलीत करून ठेवले होते. पुस्तकातला 'भारद्वाज' परसात येतो तेव्हा तो वेगळ्याच नावाने येतो. ही नावे ज्यांना ठाऊक आहेत ती माणसे सत्तरीच्या पुढची आहेत, आणि वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्यावर नातवंडांना ती विचारण्याचे निमित्तही उरत नाही.

पालकांनी या पुस्तकांचा क्रम कसा ठेवावा, असे कोणी विचारले तर आम्ही सांगू : आधी सलीम अली आणि घराभोवतीची एक वाट, मग 'नागझिरा', मग पालकांसमवेत चितमपल्ली. आणि पहिल्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले नाव लिहावे. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये हा नियम आम्ही याच एका प्रतीपुरता शिथिल केला आहे. भारद्वाजाच्या पानावर सध्या दोन नावे आहेत, 'कुकुडकुंभा' आणि 'कुंभारकावळा', दोन वेगळ्या हस्ताक्षरांत. त्याखाली आणखी एका नावापुरती जागा आहे.