खानेसुमारीचा पुरावा आणि कुलवृत्तांत

जुन्या खानेसुमारीचे कागद हातीं लागले म्हणजे पूर्वजांची परंपरा आपोआप जुळते, असा समज कुलवृत्तांत लिहिणारांत आढळतो. तो इंग्रजी ग्रंथांवरून आलेला दिसतो. इंग्लंडांत 1841 पासूनच्या बहुतेक घरवार याद्या जपलेल्या असून शंभर वर्षांनीं त्या खुल्या होतात. 1921 ची यादी 2022 सालीं अभ्यासकांस मिळाली. आपल्याकडे तो मार्ग मुळांतच बंद आहे.

मुंबई इलाख्याची खानेसुमारी 1872 सालीं झाली व साऱ्या हिंदुस्थानची एकाच वेळीं 1881 सालीं झाली. आंकडे काढून झाल्यावर मूळ पत्रकें नष्ट करण्याचा प्रघात होता. पुढें 1948 च्या कायद्याच्या 15 व्या कलमानें हीं दप्तरें पाहण्याचा हक्कहि कोणास ठेवला नाहीं. उरले ते आंकडे. 1885 च्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत जातवार संख्या आहेत. पण त्यांवरून कोणाचा बाप कोण हें कळत नाहीं.

इंदापूर तालुक्यांतील डाळज घेऊं. आज नंबर 1, 2 व 3 अशीं या नांवाचीं तीन गांवें आहेत. जुन्या कागदांत नुसतें 'डाळज' आलें तर तें यांपैकीं कोणतें, हें आधीं ठरविलें पाहिजे. उजनी धरणामुळें भीमाकांठचीं कित्येक गांवठाणें उठलीं, तेव्हां वाड्याची जागा दाखवूनहि निर्णय होईलच असें नाहीं. शिवाय 1872 व 1881 या दोन गणनांच्या दरम्यान 1876-77 चा दुष्काळ पडला. गांवची संख्या घटलेली दिसली, तर माणसें मेलीं कीं देशोधडीस लागलीं, हें आंकडा सांगत नाहीं.

मग पाहावें काय? प्रिंगलची पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं 1835-36 सालीं नवी पाहणी याच तालुक्यांत सुरू केली. जमीनपाहणीच्या कागदांत खातेदार नांवानिशीं येतो. 1903 च्या कायद्यानें हक्कनोंदणी आल्यावर फेरफारांत वारसांची नोंद होऊं लागली. बापामागून मुलांचीं नांवें तेथें सांपडतात. गांव नमुना 14 मध्यें जन्ममृत्यु आहेत. 1951 च्या गणनेवरून तयार झालेलें नागरिकांचें राष्ट्रीय रजिस्टर जेथें टिकलें असेल, तेथें मात्र खानेसुमारी नांवानिशीं बोलते.

हा वाद आतां केवळ हौसेचा राहिलेला नाहीं. कुणबी नोंदींच्या शोधासाठीं 2023 सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, आणि घरोघर जुने कागद बाहेर निघूं लागले. अशा वेळीं जिल्ह्याची संख्या घराण्याचा पुरावा म्हणून पुढें करणारा आपलीच बाजू लंगडी करतो. उलट, अर्जदाराच्या पणजोबाचें नांव असलेली फेरफाराची एक ओळ शंभर कोष्टकांहून अधिक मोलाची ठरते.

इंदापूर परगण्याचे मोडी कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं नांवांच्या याद्या जशाच्या तशा, गांव व साल यांसह, प्रसिद्ध कराव्या. सारांश देऊन नांवें गाळूं नयेत; गाळलेल्या नांवांतच कोणाचा तरी पूर्वज असतो.