हत्तीण, चपात्या आणि आपला निवडक संताप

परवा लॅबमध्ये चहा घेताना जुनाच वाद निघाला. एक ज्युनिअर म्हणाली, "लोकांना कुत्र्या-हत्तींचा पुळका येतो, माणसं मेली तरी काही वाटत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. रात्री वाटलं, हेच विधान कुणी सेमिनारमध्ये केलं असतं तर आपण "डेटा कुठाय?" म्हणून त्याची सालटी काढली असती. तेव्हा चला, तपासून बघू.

२७ मे २०२० रोजी केरळच्या पलक्कड जिल्ह्यात वेल्लियार नदीत एक गाभण हत्तीण मेली. स्फोटक भरलेलं फळ खाल्ल्याने तिच्या तोंडाला जखमा झाल्या होत्या. शवविच्छेदनानुसार जवळपास दोन आठवडे तिला खाता-पिता आलं नव्हतं. देशभर संताप उसळला. त्याच महिन्यात, ८ मेच्या पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली. १६ जण गेले. जालन्याहून पायी गावाकडे निघालेले. "हत्तिणीसाठी रडता, मजुरांसाठी का नाही?" हा प्रश्न तेव्हा फार फिरला. मीही तो पुढे ढकलला होता.

आता या प्रश्नातल्या चुका बघा.

पहिली, निरीक्षणच कच्चं. रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचा तो फोटो आठवतो ना? तो पाहून लोक हळहळले होतेच. आपल्या मुद्द्याला सोयीची तेवढी उदाहरणं उचलणं, याला संशोधनात काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरी, चल चुकीचा निवडला. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांचा २००७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींना उपासमारीची आकडेवारी दिली, काहींना रोकिया नावाच्या एका मुलीची गोष्ट. रोकियासाठी दुपटीहून जास्त पैसे जमले. गंमत म्हणजे, तिच्या गोष्टीला आकडेवारी जोडली की देणगी पुन्हा घसरली! इथे दोन्हीकडे माणसंच होती. म्हणजे फरक प्राणी की माणूस एवढाच नाही; चेहरा की आकडा, हाही आहे. तो वेगळा न काढता निष्कर्ष काढायचा नाही.

तिसरी, गृहीतक लपलेलं आहे: करुणा म्हणजे ठरावीक पैशांचं पाकीट, प्राण्यांवर खर्चली की माणसांना उरत नाही. मग प्राण्यांच्या पदरात तरी काय पडलं? हत्तीला वन्यजीव कायद्याचं कडक संरक्षण आहे. पण बैल, कुत्रा, गाढव यांच्यासाठी असलेल्या १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. हत्तिणीच्या वेळीही तेवढाच होता.

खरी अडचण मला वेगळीच वाटते. आपला संताप गुन्हेगाराचा चेहरा शोधतो आणि तिथेच थांबतो. हत्तिणीच्या वेळी घटना मलप्पुरमची म्हणून पसरली आणि त्या जिल्ह्यातल्या लोकांना शिव्या बसल्या. जिल्हा पलक्कड होता. आधी अननस म्हटलं, तपासात नारळ पुढे आला. पर्यावरण मंत्रालयाने तर तिने ते चुकून खाल्लं असावं असं सांगितलं. रानडुकरांपासून पीक वाचवायला स्फोटकं लावली जातात, हे मूळ दुखणं चर्चेत मागेच पडलं. करमाडला तर बोट दाखवायला एक चेहराही नव्हता. बंद गाड्या, बुडालेली मजुरी, संपलेला शिधा यांचा फोटो निघत नाही.

म्हणजे संतापाची निवड प्राणी आणि माणूस यांच्यात कमी, घटना आणि व्यवस्था यांच्यात जास्त होते, असा माझा कयास. सिद्धान्त नव्हे, दोन उदाहरणांवर तो होत नसतो.

आणि तो प्रश्न पुढे ढकलल्यावर मी मजुरांसाठी काय केलं? काहीच नाही. त्या १६ जणांना मी वादातला मुद्दा म्हणून वापरलं. हत्तिणीसाठी रडणाऱ्याने निदान कुणाचं तरी दुःख मानलं होतं.

तेव्हा प्रपोजल लिहिताना "लोक प्राण्यांवर जास्त प्रेम करतात का?" असा प्रश्न सुचला, तर तो खोडा. त्याऐवजी विचारा: कोणत्या घटनेनंतरचा संताप कायद्यापर्यंत, बजेटपर्यंत पोचतो आणि कुठला वाटेतच जिरतो? हे मोजता येतं. आणि उत्तर आलं तर हत्तीच्याही कामाचं, मजुराच्याही.