'काढणे' या क्रियापदाचा कर्ता

कायद्याच्या भाषेचे परीक्षण बहुधा तिच्या क्लिष्टतेविषयीच्या तक्रारीपाशी येऊन थांबते. वस्तुतः तिची खरी कसोटी अन्यत्र असते. नियम चुकवू पाहणारा मनुष्य वाक्यातील कोणत्या पदाआडून निसटतो, हे पाहिले म्हणजे त्या वाक्याचे बळ कळते. मोटारीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे आणि तरीही धूरतपासणीत उत्तीर्ण होणे, या व्यवहाराभोवती अमेरिकेत जी शब्दयोजना वाढली, ती या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

१९७५ सालच्या मॉडेलांपासून अमेरिकेतील बहुसंख्य नव्या मोटारींत हे उपकरण आले. इंजिनातून निघालेला धूर प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारख्या धातूंच्या थरावरून नेऊन त्यातील कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन यांना तुलनेने निरुपद्रवी रूप देणे, हे त्याचे कार्य. पुढे नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा बंदोबस्तही त्याच्याकडे आला. या उपकरणामुळे इंजिनाची शक्ती अडते, अशा समजुतीने काही मालक ते काढून टाकू लागले. 'क्लीन एअर ॲक्ट'च्या १९७० च्या रूपात या कृत्यास मनाई होती. परंतु त्या वाक्याचा कर्ता होता उत्पादक किंवा विक्रेता. १९७७ च्या दुरुस्तीने वाहनदुरुस्तीचा व्यवसाय करणारे व वाहनांचे ताफे चालविणारे त्यात आले. स्वतःच्या अंगणात स्वतःच्या गाडीखाली शिरणारा मालक मात्र बाहेरच राहिला. १९९० च्या दुरुस्तीत 'कोणतीही व्यक्ती' असे शब्द आले, तेव्हा तोही कक्षेत आला. कर्म तेच, क्रियापद तेच. दोन दशकांचा इतिहास घडला तो कर्तृपदात.

कर्ता सापडला तरी नामाचा प्रश्न उरतो. कन्व्हर्टरच्या जागी बसविण्याच्या सरळ पोकळ नळीला तिकडच्या बाजारात 'टेस्ट पाइप' म्हणतात. कन्व्हर्टर तुंबला आहे काय, हे तात्पुरते पाहण्याची नळी, असा निरागस अर्थ त्या नावातून ध्वनित होतो. बसविली की ती काढण्याचे मात्र कोणाच्या मनात नसते. अशा मालावरची 'केवळ रस्त्याबाहेरील वापरासाठी' ही छापील ओळ त्याच जातीची. १९९० च्या मजकुराने या नावांशी वाद घातला नाही. ज्या भागाचा एक प्रमुख परिणाम प्रदूषणरोधक उपकरण निकामी करणे हा आहे, तो भाग, हे ठाऊक असताना किंवा ठाऊक असावयास हवे असताना, विकणे वा बसविणे त्याने निषिद्ध ठरविले. वस्तूची ओळख तिच्या परिणामावरून करणारी ही व्याख्या अर्थविचाराच्या अभ्यासकाने दाद द्यावी अशी आहे.

तपासणीच्या भाषेतही हाच प्रवास दिसतो. केवळ नळीच्या तोंडाशी वायू मोजणारी तपासणी त्या क्षणापुरतेच विधान करते. कॅलिफोर्नियाच्या 'स्मॉग चेक'मध्ये उपकरण जागेवर आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहणेही येते. १९९६ च्या मॉडेलांपासून अमेरिकी मोटारींतील संगणक कन्व्हर्टरच्या आधी व नंतर बसविलेल्या ऑक्सिजन-सेन्सरांची तुलना करून त्याच्या कार्यक्षमतेवर लक्ष ठेवू लागला. दोषाची नोंद कोणी पुसली, तर हा संगणक 'निर्दोष' असे म्हणत नाही. 'तपासणी अजून पूर्ण झालेली नाही' असे म्हणतो. 'दोष आढळला नाही' आणि 'दोष पाहिलाच नाही' यांतील भेद येथे यंत्राने जपला आहे. मानवी प्रमाणपत्रांना तो क्वचितच जपता येतो.

महाराष्ट्रातील वाचकाला हा भेद दूरचा वाटण्याचे कारण नाही. मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आवश्यक झाला. वाहनधारकाला जे प्रमाणपत्र बाळगावे लागते त्याचे नाव 'पोल्यूशन अंडर कंट्रोल', म्हणजे 'प्रदूषण नियंत्रणात आहे', असे एक निरपवाद विधानच होय. पेट्रोल गाडीच्या बाबतीत मोजले जातात ते, गाडी उभी असता इंजिन चालू ठेवून, मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन. नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात नाहीत. मोजलेले आकडे कागदावर छापले जातात खरे, पण लक्षात राहते ते शीर्षक.

शिवाय बोलीत या प्रमाणपत्राला जोडले जाणारे क्रियापद पाहावे. 'पीयूसी काढली का?' असे विचारले जाते. 'धूर तपासला का?' असे सहसा कोणी विचारीत नाही. मराठीत 'काढणे' म्हणजे दूर करणे, तसेच मिळविणेही: खिळा काढतात, तसा दाखलाही काढतात. म्हणून 'कन्व्हर्टर काढला' आणि 'पीयूसी काढली' ही दोन वाक्ये एकाच माणसाच्या तोंडी, विसंगतीची जाणीव न होता, शेजारी बसू शकतात. दोहोंत कर्ता मालकच. तपासणारा वाक्यातून गळाला आहे.

याबद्दल बोलीला दोष देऊन भागणार नाही. व्यवहार जसा आहे तसा ती सांगते. दुरुस्ती हवी ती प्रमाणपत्राच्या नावात. 'अमुक दिवशी, गाडी उभी असता, अमुक वायू मर्यादेत आढळले. कन्व्हर्टर पाहिला किंवा पाहिला नाही' इतके ठळकपणे लिहिले, तरी विधान मोजमापाएवढेच राहील. न मोजलेला वायूही रस्त्यावरच्या माणसाच्या श्वासात जातोच. निदान त्याच्याविषयी प्रमाणपत्राने ग्वाही देऊ नये.