जबाबातील वाक्य कोणाचे? : स्वार्टविक यांच्या इव्हान्स-विवेचनाची चिकित्सा

यान स्वार्टविक यांची ‘द इव्हान्स स्टेटमेंट्स’ ही छोटेखानी पुस्तिका १९६८ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथून प्रसिद्ध झाली. ‘फोरेन्सिक लिंग्विस्टिक्स’ ही संज्ञा तिच्या उपशीर्षकात आली आणि न्यायविषयक भाषाविज्ञानाचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जाऊ लागला. आरंभग्रंथाचा मान मिळाला की ग्रंथाचा उल्लेख वाढतो आणि त्याची परीक्षा मागे पडते. म्हणून या पुस्तिकेने नेमके काय सिद्ध केले आणि काय सिद्ध केले नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रकरणाची हकीकत थोडक्यात अशी. लंडनमधील १०, रिलिंग्टन प्लेस या घरात राहणाऱ्या टिमथी इव्हान्स या वेल्श तरुणाची पत्नी व तान्ही मुलगी नोव्हेंबर १९४९ मध्ये मारल्या गेल्या. ३० नोव्हेंबर रोजी इव्हान्स वेल्समधील मर्थर टिडफिल येथे पोलिसांकडे स्वतः गेला. तेथे दोन व लंडनमधील नॉटिंग हिल येथे २ डिसेंबर रोजी दोन, असे त्याचे चार जबाब नोंदले गेले. मर्थर येथील दुसऱ्या जबाबात त्याने त्याच घरातील जॉन ख्रिस्टी याच्याकडे बोट दाखविले होते. नॉटिंग हिलच्या जबाबांत दोन्ही खुनांची कबुली आली. मुलीच्या खुनाबद्दल खटला चालला, ख्रिस्टी हाच सरकारपक्षाचा प्रमुख साक्षीदार झाला आणि ९ मार्च १९५० रोजी वयाच्या पंचविसाव्या वर्षी इव्हान्सला फाशी झाली. तीन वर्षांनी त्याच घरात आणखी स्त्रियांची प्रेते सापडली आणि त्या खुनांचा कर्ता ख्रिस्टी असल्याचे उघड झाले. १९६६ साली इव्हान्सला मरणोत्तर माफी देण्यात आली.

इव्हान्स जवळजवळ निरक्षर होता. जबाब त्याने सांगितले आणि पोलिसांनी लिहिले. स्वार्टविक यांचे लक्ष येथे वेधले गेले. जबाबांत बोलीतील अप्रमाण रूपे आणि कचेरीतील घोटीव शब्दप्रयोग शेजारी शेजारी नांदतात. परंतु शब्दांवर त्यांनी आपली मदार ठेवली नाही, हे त्यांच्या पद्धतीचे खरे मर्म होय. शब्द लेखनिक सहज बदलतो आणि तो बदल डोळ्यांत भरतो. वाक्याला वाक्य जोडण्याची लकब मात्र बोलणाऱ्याच्या वा लिहिणाऱ्याच्या नकळत कागदावर उतरते. म्हणून त्यांनी उपवाक्यांचे वर्गीकरण जोडणीच्या प्रकारांवरून केले. उपवाक्य स्वतंत्र उभे आहे की अव्ययाने जोडलेले, त्यात कर्ता उच्चारला आहे की गाळला आहे, ते गौण आहे की संबंधदर्शक, हे त्यांनी पाहिले. वादग्रस्त मजकुरातील या प्रकारांचे प्रमाण निर्विवाद मजकुरातील प्रमाणाशी ताडून पाहता दोहोंत लक्षणीय तफावत आढळली.

ही कामगिरी मोठी आहे. तथापि तिच्यात दोन उणिवा राहतात. पहिली उणीव तुलनेच्या आधाराची. ज्या निर्विवाद मजकुराला इव्हान्सची भाषा म्हणावयाचे, तोही पोलिसांच्याच लेखणीतून उतरला आहे. मोजपट्टीतच भेसळ असेल, तर मोजलेल्या फरकाचा अर्थ अनिश्चित राहतो. दुसरी उणीव विषयभेदाची. घरखर्चाची कुरबुर सांगणारा मनुष्य आणि प्रेत खाली नेल्याची हकीकत सांगणारा मनुष्य एकच असला, तरी त्याची वाक्यरचना दोन्हीकडे सारखी राहील असे गृहीत धरता येत नाही. घटनाक्रम सांगताना वाक्ये स्वभावतःच साखळीप्रमाणे जोडली जातात. सामग्री तोकडी असल्याची जाणीव स्वार्टविक यांना होती आणि त्यांनी निष्कर्ष संयमानेच मांडले; पुढील उल्लेखकर्त्यांनी तो संयम पाळला नाही. इव्हान्सची माफी या पुस्तिकेमुळे मिळाली असा समज तर सालांकडे पाहिले तरी टिकत नाही.

पहिल्या उणिवेवर उपाय मिळाला तो माल्कम कूल्टहार्ड यांच्या १९९४ मधील डेरेक बेंटली-विवेचनात. एका पोलीस शिपायाच्या खुनातील सहभागाबद्दल बेंटलीला जानेवारी १९५३ मध्ये फाशी झाली होती. त्याचा ५८२ शब्दांचा जबाब हे प्रश्नांविना केलेले सलग कथन आहे, असे पोलिसांनी शपथेवर सांगितले होते. त्यात ‘देन’ हा शब्द दहा वेळा येतो. कूल्टहार्ड यांनी तुलनेसाठी जबाबाबाहेरची सामग्री घेतली. सामान्य साक्षीदारांच्या निवेदनांतील ९३० शब्दांत ‘देन’ एकदाच आला. पोलिसांच्या निवेदनांत तो सरासरी ७८ शब्दांमागे एकदा आढळला. शिवाय बोलभाषेच्या संग्रहात ‘देन आय’ हा क्रम ‘आय देन’ या क्रमाच्या सुमारे दहापट आढळत असता बेंटलीच्या जबाबात ‘आय देन’ तीनदा आला आहे. मराठीत सांगावयाचे तर, ‘नंतर मी’ म्हणणाऱ्याच्या तोंडी ‘मी नंतर’ घातले गेले. येथे मोजपट्टी बाहेरची आहे. मात्र ९३० शब्दांचा नमुना अल्प आहे, हेही विसरता कामा नये. १९९८ साली अपील न्यायालयाने बेंटलीची शिक्षा रद्द केली, तीही मुख्यतः न्यायाधीशाने ज्यूरीस केलेल्या मार्गदर्शनातील दोषांमुळे.

मराठीच्या अभ्यासकाला या चर्चेतून काय घेता येईल? पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध ग्राह्य नाही, हे तत्त्व आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ ने घालून दिले आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. पण तेवढ्याने भाषिक प्रश्न मिटत नाही. साक्षीदारांचे जबाब पोलीसच लिहितात आणि खानदेशी वा मालवणी बोलणारा मनुष्यही कागदावर ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की’ याच भाषेत बोलू लागतो. ‘सदर’, ‘इसम’, ‘मजकूर’ हे शब्द लेखनिकाचे, हे कोणीही सांगेल. ‘-ऊन’ प्रत्ययान्त रूपांची लांबलचक माळ, कर्त्याचा अध्याहार आणि ‘नंतर’चे वाक्यातील स्थान यांतील लेखनिकाचा वाटा किती, हे शोधण्यास मात्र बोलींचे विपुल ध्वनिमुद्रित संग्रह आणि कचेरीच्या मराठीचे तितकेच विपुल नमुने हाती असावे लागतील. बाहेरच्या मोजपट्टीवाचून केलेले निदान स्वार्टविक यांच्याच अडचणीत सापडेल.

भाषाविज्ञान निरपराधित्व सिद्ध करीत नाही, आणि स्वार्टविक यांनीही तसा दावा केला नाही. अमुक शब्द अमुक माणसाच्या तोंडचे आहेत, या न्यायालयाने निःशंकपणे स्वीकारलेल्या गृहीतावर ते सप्रमाण शंका घेऊ शकते. इव्हान्सच्या बाबतीत ती अठरा वर्षे उशिरा घेतली गेली. ती वेळेवर घेता यावी यासाठी लागणारी सामग्री खटला उभा राहण्यापूर्वीच तयार असली पाहिजे, आणि ती तयार करणे हे वकिलांचे नव्हे, भाषाभ्यासकांचे काम आहे.